भीतीचा सराव

सांगली भागातल्या एखाद्या गावी दिगंबर मुनींचा चातुर्मास असला की केशलोचाचा दिवस आधी जाहीर होतो. मंडप पडतो, माणसं लेकरंबाळं घेऊन येतात. मुनीमहाराज पाटावर बसतात, शेजारी ताटलीत चाळलेली राख. बोटं राखेत बुडवायची म्हणजे केस निसटत नाहीत, आणि चिमटीत येतील तेवढे केस एका झटक्यात उपटायचे. वस्तरा नाही, कात्री नाही. डोकं, दाढी, मिशा, सगळं. ओठावरची कातडी फार हळवी. तिथला केस ओढला की डोळ्यांत पाणी येतं, रडू आलेलं नसतानाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूला झोंबलं की अश्रुग्रंथी आपोआप पाझरते, त्याला दुःख व्हावं लागत नाही. पण पुढच्या रांगेतल्या बायाबापड्या ते पाणी बघून पदर डोळ्यांना लावतात. दर दोन ते चार महिन्यांनी हे करायचं, आणि त्या दिवशी उपवास.

अशा मंडपात मुनींकडे पाहण्याऐवजी पाहणाऱ्यांकडे पाहावं. चिमूट भरली की लोकांची तोंडं वाकडी होतात. केस निघाला की सैल पडतात. पुन्हा चिमूट, पुन्हा तोंड वाकडं. म्हणजे ज्यांचा केससुद्धा ओढला जात नाही, त्यांना त्रास होतो तो ओढण्याच्या आधी. आणि ज्याच्या डोक्याची कातडी लाल झालेली असते, त्याचा चेहरा चिमूट भरताना जसा असतो तसाच केस निघाल्यावर.

या प्रकरणाचा विषय तो अर्ध्या सेकंदाचा ‘आधी’ आहे. मंडपात तो अर्ध्या सेकंदात संपतो. ऑपरेशनची तारीख मिळालेल्या माणसाच्या घरी तोच ‘आधी’ पंधरा दिवस मुक्कामाला असतो, आणि तपासणीचा रिपोर्ट यायचा असेल तर त्याला मोजमाप राहत नाही. स्वतःहून अंगाला त्रास लावून घेणारी माणसं त्याबद्दल काही जाणतात का, आणि ते आपल्याला उपयोगी पडण्यासारखं आहे का, हा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: भीतीबद्दल ती पुष्कळ जाणतात. दुःखाबद्दल मात्र त्यांना वाटतं त्यापेक्षा कमी.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या चौकशीला सोयीचे आहेत. इथे तालमी आहेत, घाट आहेत, कृष्णेचं कार्तिकातलं गार पाणी आहे, माण-आटपाडीचा दुष्काळ आहे आणि मिरजेची इस्पितळंही आहेत. बावधनचं बगाड मी मुद्दाम बाजूला ठेवतो. पूर्वी पाठीत गळ टोचून आणि आता दोरांनी बांधून बगाड्याला शिडावर चढवतात, हे खरं. पण त्याच्या मुळाशी नवस असतो, देवाशी केलेला करार असतो. त्रासाचा मोबदला ठरलेला असला की प्रकरण वेगळं होतं.

दिगंबर मुनींचं तसं नाही. त्यांच्या परंपरेनं या विषयाचा रीतसर अभ्यास केलेला आहे, आणि विसाव्या शतकात ही परंपरा पुन्हा उभी करणारा माणूस याच टापूतला. भोज गावचे सातगौडा पाटील, म्हणजे पुढचे आचार्य शांतिसागर. जन्म 1872. भोज आज बेळगाव जिल्ह्यात मोडतं, पण बोलीनं, सोयरिकीनं आणि उसाच्या शेतीनं सांगली-कोल्हापूरचंच. 1920 साली यरनाळला त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि 1924 मध्ये मिरज तालुक्यातल्या समडोळीत त्यांना आचार्यपद मिळालं. कारकिर्दीतल्या पस्तीस वर्षांत त्यांनी जवळजवळ दहा हजार दिवस उपवास केला असं परंपरेत सांगतात. ही संख्या बाजूला ठेवली तरी रोजची दिनचर्याच पुरेशी आहे: जमिनीवर किंवा फळीवर झोपायचं, आंघोळ नाही, अंगावर कपडा नाही, चोवीस तासांत एकदाच उभ्यानं हाताच्या ओंजळीत जेवायचं आणि पाणीही त्याच वेळी प्यायचं, मग वैशाख असो की श्रावण.

हे सगळं कशासाठी, याचं एक सरळ उत्तर कर्मनिर्जरा, म्हणजे साठलेली कर्मं झडून जाणं, असं आहे. ते धर्माचं उत्तर, त्यात मी पडत नाही. दुसरं उत्तर आचार्य पूज्यपादांच्या ‘समाधितंत्र’ या दीड हजार वर्षांच्या आसपास जुन्या संस्कृत ग्रंथात आहे आणि ते सरळसरळ मानसशास्त्राचं आहे. त्याचा मथितार्थ असा: सुखात बसून मिळवलेलं शहाणपण दुःख समोर आलं की उडून जातं, म्हणून आपापल्या ताकदीप्रमाणे स्वतःला दुःखाची सवय लावावी. यातलं ‘आपापल्या ताकदीप्रमाणे’ फार मोलाचं आहे, आणि हल्ली बर्फाच्या टबात बसून व्हिडिओ टाकणारी मंडळी नेमकं तेवढंच विसरतात.

आता मुनींच्या जेवणाकडे वळू, कारण केशलोचापेक्षा मला ते जास्त विलक्षण वाटतं. सकाळी गावातल्या घरोघरी चौका, म्हणजे मुनींसाठीचा सोवळ्यातला स्वयंपाक, लागतो. घरातली माणसं सोवळ्यात, हातात कलश, नारळ, फळं घेऊन दारात उभी राहतात. मुनी निघताना मनाशी एक विधी धरून निघतात. म्हणजे अमुक वस्तू हातात घेतलेलं, किंवा अमुक इतकी माणसं उभी असलेलं घर भेटलं तरच आहार घ्यायचा. तो कोणाला सांगायचा नाही. जुळला नाही तर गावभर फिरून उपाशी परत, उद्यापर्यंत. दारातले लोक घाईघाईनं हातातल्या वस्तू बदलतात, नारळाच्या जागी आंबा, कलशाच्या जागी केळी, कोणीतरी सुनेला आतून बोलावतं, शेजारच्या दारातही तीच धांदल. आणि जुळला तरी जेवण पूर्ण होईल असं नाही. ओंजळीत केस आला, मेलेलं चिलट दिसलं, की अंतराय. ओंजळ सोडायची, त्या दिवसाचं जेवण तिथंच संपलं, पाणीसुद्धा. घरातली बाई रडकुंडीला येते, आपल्या हातून महाराज उपाशी राहिले म्हणून. महाराज कमंडलू उचलून चालू लागतात.

इथे सराव भुकेचा आहेच, पण त्याहून जास्त ‘आज मिळेल की नाही’ याचा आहे. उपवास ठरलेला असला तर मन त्याला रुळतं. एकादशी कोणाला जड जात नाही, ती पंचांगात लिहिलेली असते. अनिश्चितता मात्र माणसाला पोखरते, आणि या रचनेत अनिश्चितता रोजच्या रोज, अगदी मोजून पेरलेली आहे.

2016 साली लंडनमधल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग याच जागी बोट ठेवतो. पंचेचाळीस माणसांना संगणकावर दगड दाखवले. दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता बदलत जायचं. माणसाला घाम किती फुटतो, डोळ्याची बाहुली किती मोठी होते, हे मोजलं. ताण सर्वात जास्त कधी? झटका नक्की बसणार असं माहीत असताना नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका खात्रीनं मिळणार असलेला माणूस त्यापेक्षा शांत होता. मिरजेत बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहिलेल्या कोणालाही हे सांगायला लंडनची गरज नाही, पण मोजून दाखवलं की आपलीच गोष्ट आपल्याला खरी वाटते.

त्याआधी 2006 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूनं पाहिलं होतं. पायाला विजेचा झटका. किती जोराचा आणि किती सेकंदांनी, हे आधीच सांगितलेलं. मग निवड द्यायची: सौम्य झटका उशिरा, की जोराचा झटका लगेच? काहीजणांनी जोराचा झटका लगेच मागून घेतला. वाट पाहणं नको, वेदना परवडली. त्यांच्या मेंदूच्या चित्रांत असं दिसलं की वाट पाहताना वेदनेशी संबंधित भागांतला, लक्ष देण्याचं काम करणारा हिस्सा आधीपासूनच जागा झालेला होता. या धास्तीत घाबरण्यापेक्षा लक्ष गुंतून पडण्याचा भाग मोठा असतो: जे अजून झालेलं नाही त्यावरून नजर हलत नाही. घरातली म्हातारी माणसं ‘एकदाचं काय ते होऊन जाऊ दे’ म्हणतात तेव्हा ती हाच सौदा करत असतात.

मग सरावानं नेमकं काय बदलतं? इथे शरीरापासून सुरुवात करणं बरं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे नदीवर स्नान करायची जुनी रीत आहे. वाईच्या घाटावर, माहुलीच्या संगमावर, हरिपूरला वारणा-कृष्णा मिळतात तिथे, काकड आरतीच्या आधी अंधारात उतरणारी माणसं आता कमी झाली असली तरी आहेत. पहिल्या दिवशी पाणी छातीपर्यंत आलं की श्वास आत ओढला जातो आणि तिथंच अडकल्यासारखा होतो. मग धाप, छातीत धडधड. हा थंडीचा धक्का. कातडी एकदम गार झाली की मेंदूच्या तळाशी असलेली यंत्रणा आपली परवानगी न घेता श्वास आणि हृदय दामटते. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचा जोर सर्वात जास्त असतो, दोन-तीन मिनिटांत ओसरतो. एका मर्यादेपर्यंत, पाणी जितकं गार तितका तो मोठा. इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी दाखवलं आहे की जेमतेम पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ गार पाण्यात उतरलं तरी हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो, आणि त्या सवयीचा काही अंश पुढे कित्येक महिने टिकतो.

कार्तिकस्नानाला महिना लागतो, शरीराचं काम मात्र पहिल्या आठवड्यातच उरकतं. मग उरलेले दिवस कशाला? कारण आठवडा झाला तरी पहाटे चारला पांघरुणातून बाहेर यायचा कंटाळा आणि धास्ती तशीच असते. पाणी आता तितकं झोंबत नाही हे अंगाला कळलेलं असतं, अंथरुणाला कळलेलं नसतं. शरीराची सवय आधी लागते, मनाची मागून येते; मधल्या काळात भीती आणि प्रत्यक्ष त्रास यांच्यातलं अंतर उघडं पडतं. ते अंतर रोज स्वतःच्या अंगावर मोजायला मिळणं, हा या सगळ्या उद्योगाचा खरा फायदा. (हृदयविकार, वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी या वाक्याचा आधार घेऊन नदीत उडी घेऊ नये. थंडीचा धक्का निरोगी पोहणाऱ्यांनाही बुडवतो.)

तालमीत हेच मातीत शिकवतात. नवं पोरगं हौद्यात उतरलं की वस्ताद त्याला पहिल्यांदा खाली धरायला लावतात. छाती मातीला टेकलेली, पाठीवर सत्तर-ऐंशी किलोचा गडी, नाकात तेल-ताक-हळद घातलेल्या मातीचा वास. पोरगं तडफडतं, जीव जातोय असं त्याला वाटतं. तसं काही नसतं. दडपलेल्या छातीमुळे रक्तात कर्बवायू साठू लागतो आणि घुसमटीची घंटा त्याच्यावर वाजते. प्राणवायू संपायला अजून अवकाश असतो. ती घंटा घाबरट असते, फार आधी वाजते. महिन्याभरानं तेच वजन, तीच माती, पण पोरगं खाली निवांत पडून असतं, वरच्याचा कुठला हात ढिला पडतो ते बघत. घंटा अजून वाजते. पोरगं तिला ओळखायला लागलेलं असतं, इतकंच.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव असेच घडले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या स्पर्धेतली त्यांची एक हकीकत सातारा जिल्ह्यात अजून चवीनं आणि चिडीनं सांगतात: जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरून ते उतरले आणि विश्रांती न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं, हरकत घ्यायला आपला कोणी अधिकारी जागेवर नव्हता. ती कुस्ती गेली. गोष्ट अन्यायाची म्हणून सांगितली जाते, आणि आहेही. पण आपल्या विषयात तिचा आणखी एक अर्थ निघतो. तालीम भीती काढते, दमलेल्या स्नायूंचा हिशेब काढू शकत नाही. मनाचा खंबीरपणा शरीराच्या जागी कामाला लावता येतो, हा समज पुष्कळ जिममध्ये विकला जातो. तो खोटा आहे.

आठवणीचा घोळ वेगळाच. साताऱ्यात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून यवतेश्वरच्या घाटानं कासच्या रस्त्यावर चढायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं, एकवीस किलोमीटर. चढताना मांड्या पेटतात, आणि वरच्या वळणांवर ‘पुढच्या वर्षी ह्या फंदात पडायचं नाही’ अशा शपथा मोठ्यानं घेतल्या जातात. पुढच्या वर्षी तीच माणसं नाव नोंदवायला पुढे. याचं स्पष्टीकरण डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या प्रयोगात मिळतं. एकदा चौदा अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तसाच मिनिटभर, आणि वर आणखी अर्धा मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूच एक अंशानं कोमट केलं. यातलं कुठलं पुन्हा कराल, असं विचारल्यावर दोन तृतीयांशांहून जास्त लोकांनी दुसरं निवडलं, म्हणजे एकूण जास्त त्रासाचं. आठवण कालावधी मोजत नाही; त्रासाचा कळस आणि शेवट, एवढंच धरून ठेवते. यवतेश्वरची शर्यत उतारावर संपते. शर्यतीचा मार्ग उलटा आखला असता, आधी उतार आणि शेवटी घाट, तर किती जण परत आले असते कोणास ठाऊक.

आता हेच धास्तीला लावून पाहा. येणाऱ्या दुखण्याची भीती आपण गेलेल्या दुखण्याच्या आठवणीवरून रचतो, आणि आठवण असली बेभरवशाची. दाढ काढल्याचा शेवट वाईट झाला असेल, तर पुढची पंधरा वर्षं दवाखान्याच्या पायरीवर पाय थरथरतात; मधली पंचवीस मिनिटं काहीच दुखलं नव्हतं, हे हिशेबात धरलं जात नाही. वरचेवर, थोडा थोडा, ठरवून त्रास घेणाऱ्याकडे शिळ्या आठवणीच्या जागी ताजी माहिती असते. भीती आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीबद्दल सारखी चुकीच्या बातम्या देते, हे त्याला पुराव्यानिशी ठाऊक असतं.

इथवर जमेची बाजू. आता दुसरी.

1972 च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. वैशाखाचं ऊन, हातात घण, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, मुलं बाजूला झुडपाला बांधलेल्या झोळीत. जेवायला परदेशातून आलेला मिलो आणि सुकडी. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि तिनं पुढे लाखो माणसं जगवली. पण काम ते काम, खडी ती खडी. 2016 मध्ये पानी फाउंडेशनची, गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची, वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत साताऱ्याचा कोरेगाव होता आणि पहिलं बक्षीस तिथल्याच वेळू गावानं मिळवलं. 2018 ला माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. तिथेही कुदळ, फावडं, पाटी, एप्रिल-मेचं ऊन. महाराष्ट्र दिनी पुण्या-मुंबईची माणसं श्रमदानाला आली, हाताला फोड आले, ते त्यांनी अभिमानानं दाखवले. दाखवावेत, त्यात काही वाईट नाही.

फोड सारखाच. कातडीचा थर सुटून खाली पाणी साठतं, घण कोणाचा हे कातडी विचारत नाही. तरी बहात्तरच्या खडीवर बसलेल्या बाईला जे कळलं ते मे महिन्यातल्या रविवारी पाट्या उचलून कळत नाही. फरक थांबता येण्याचा आहे. श्रमदानाला आलेला माणूस नको झालं की पाटी ठेवून सावलीत जातो, बस पकडतो. तिनं घण ठेवला तर संध्याकाळी चूल पेटत नाही.

हा फरक भावनेचा नाही, तो मेंदूत मोजता येतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर केलेला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, पण त्याचा निष्कर्ष टिकला आहे. कुत्र्यांच्या जोड्या. दोघांना झटके अगदी सारखे, त्याच क्षणी, तितकाच वेळ. एकाला डोक्यानं फळी दाबून झटका बंद करता यायचा. दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, पहिल्यानं बंद केला की याचाही बंद. मग दोघांना अशा पेटीत ठेवलं जिथून छोट्या आडव्या फळीवरून उडी मारून निसटता येत होतं. पहिला उडी मारून सुटला. दुसऱ्या गटातली बरीच कुत्री पडून राहिली. वेदना सारखी होती, ताबा सारखा नव्हता. पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, या दोघांनी आपलाच सिद्धान्त उलटा केला, ही मला विज्ञानातली फार सुंदर गोष्ट वाटते. लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे, असं त्यांनी मांडलं.

म्हणजे गार पाण्यात उतरणारा, घाट पळणारा, तालमीतला पोरगा, हे सगळे ताबा शिकत असतात. उपयोगी शिक्षण आहे. पण ताबाच काढून घेतला की काय होतं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात येत नाही. येऊ शकत नाही, कारण त्यांनी तो अभ्यासक्रम स्वतः निवडलेला असतो. त्यामुळे ‘मी तीन दिवस उपवास केला, मला भूक कळली’ असं कोणी म्हणालं की मला जरा राग येतो. बीडहून येऊन सांगली-साताऱ्याच्या फडावर कोयता चालवणाऱ्या जोडप्याला हे वाक्य ऐकवून पाहावं.

मुनी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात. व्रत घेणं त्यांच्या हातात होतं. घेतल्यावर सोडणं नाही. थांबायची सोय त्यांनी स्वतःच काढून टाकलेली असते, आयुष्यभरासाठी. शांतिसागरांची दृष्टी म्हातारपणी जात चालली. जमिनीवरचे जीव दिसत नसतील तर अहिंसेचं व्रत पाळता येणार नाही, म्हणून ऑगस्ट 1955 मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. आहार सोडला. सप्टेंबरात, उपवासाचे तीन आठवडे उलटून गेलेले असताना, त्यांनी मराठीत शेवटचं प्रवचन केलं. ते ध्वनिमुद्रित झालं आणि आजही ऐकायला मिळतं. 18 सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, देह ठेवला. सल्लेखना योग्य की अयोग्य यावर 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. तो इथे सोडवायचा नाही. मी एवढंच म्हणेन की पस्तीस वर्षं ‘आज मिळेल की नाही’ यात चालत गेलेल्या माणसाची ती तयारी होती, आणि तिची नक्कल आठवड्याच्या शिबिरात होत नाही.

बाकीच्यांसाठी मिरज आहे. विल्यम वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथे इस्पितळ काढलं, तेव्हापासून विजापूर, सोलापूर, बेळगावपासून माणसं मिरजेला येऊन धडकतात. आपल्यापैकी बहुतेकांचा धास्तीशी खरा सामना होतो तो असल्या इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये. तिथे सराव नसलेल्या माणसाला काय देता येईल, याचं उत्तर 1964 च्या एका साध्या अभ्यासात आहे. बोस्टनमध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आदल्या रात्री नीट सांगितलं: कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस, ते दुखणं स्वाभाविक आहे, कुशीवर कसं वळायचं, स्नायू कसे सैल सोडायचे. दुसऱ्याला नेहमीसारखंच. सांगितलेल्या गटाला वेदनाशामकं निम्मीच लागली आणि ते सरासरी अडीच दिवसांहून जास्त लवकर घरी गेले.

आपल्याकडे मात्र रीत उलटी. ‘अण्णांना काही सांगू नका हं डॉक्टर, ते हबकतील’ असं म्हणून घरचे लोक डॉक्टरांना दाराबाहेर गाठतात. आत अण्णा पडून असतात. सहा नातेवाईक कुजबुजताना त्यांना दिसतात, सून डोळे पुसून हसत आत येते, धाकटा मुलगा पुण्याहून कामाचा दिवस सोडून आलेला असतो. साप आहे हे त्यांना कळलेलं आहे, दगड कुठला एवढंच कोणी सांगत नाही. निम्म्या-निम्म्या शक्यतेवर त्यांना आठवडाभर ठेवलं जातं, प्रेमापोटी. त्यापेक्षा शेजारी बसून सांगावं की अण्णा, सकाळी साडेसातला स्ट्रेचर येईल. आत थंडी वाजते, पांघरूण मागायचं. शुद्धीवर आल्यावर घसा दुखेल, तो नळीमुळे, दोन दिवसांत जाईल. खोकला आला की टाके ओढतील, तेव्हा उशी पोटाशी घट्ट धरायची. दुसऱ्या दिवशी सिस्टर चालायला लावतील आणि ते दुखेल, पण टाके उसवणार नाहीत. एवढं बोलायला पाच मिनिटं लागतात, आणि अण्णांनी जन्मात एकदाही गार पाण्यानं आंघोळ केलेली नसली तरी चालतं.